शीट क्रमांक ४१७

ओढ्याकाठची फांदी. भोकर तालुक्यातलंच भोकर.
नांदेडला आणून पानं कुटली, धुतली, फिरवली,
नळीत डीएनए नाहीच, नुसता शेंबूड.
तीनदा. चौथ्यांदाही.

बाटल्या विसळता विसळता गंगासागरबाई हसल्या,
"भोकराला चिकटायचं शिकवावं लागतंय का, मॅडम?
आमी पतंगं त्यानंच डकवली."

पाचव्यांदा मीठ वाढवलं.
धागा वर आला, पांढरा, ओला,
वाटणीच्या दाव्यात उशिरा सापडलेल्या कागदासारखा.

म्हणजे आता भुरुंडीची चूल वेगळी, भोकराची वेगळी,
जुनं आडनाव छोट्या कल्पाकडे.
एकीच्या तुऱ्याला विंचवाच्या नांगीचा बाक
आणि पानात यकृत करपवणारं काहीतरी,
दुसऱ्याचं आपण लोणचं घालतो.
एवढी वर्षं एका कपाटात, एकाच कुळाच्या पाटीखाली
कशी राहिली असतील?

बाईंना विचारलं नाही. त्यांच्याही घरात
तीन भाऊ, तीन रेशनकार्डं.

मृगाच्या तोंडावर नव्या कुळाचं लेबल छापून आलं.
डिंकाची बाटली वाळलेली.
बाईंनी पदराची गाठ सोडली,
पिकलं भोकर बोटांत फोडलं,
आणि चिकटवलं लेबल जुन्या नावावर
थोडं तिरकं,
खालचं "बोरा" वाचता येईल इतकं.