एकाकी जोडी

लसणाचा वास. नाही, लसणाचा नाही;
नासका लसूण कुणी मासळीत कालवून
उन्हात विसरल्यासारखा.
ट्रायब्यूटिलफॉस्फिन.
मे महिना, अमरावती रोड, पारा सेहेचाळीसवर,
आणि मी नायट्रोजनच्या नळीखाली श्वास धरून
रबरी बुचात सुई टोचते.

परतताना बसमध्ये बायका पदर नाकाला लावतात.
मी खिडकीबाहेर बघते. फुटाळ्याचं पाणी फार खाली गेलंय.

तांडापेठेत, घरी, कुणी काही म्हणत नाही.
आमच्या घरात हा वास माझ्याआधीपासून राहतो.
बाबा कळमन्याच्या गोदामांत
पोत्यांच्या थप्प्यांवर ताडपत्री ओढायचे,
कडेनं वाळूच्या लांब पिशव्या दाबायचे,
डब्यातून गोळ्या मोजायचे, टनाला तीन,
मग दाराला कवटीची पाटी
आणि सात दिवस तिकडे फिरकायचं नाही.
सोंडे मरायचे. उंदीर मरायचे.
एकदा कुणाचं तरी पांढरं मांजर.
"वास येऊन रायला म्हन्जे पळाचं, पोरी.
अन् नाई आला, तं आनखी जोरात पळाचं."

त्यांच्या फॉस्फरसला तीन हायड्रोजन,
माझ्या फॉस्फरसला तीन ब्यूटिलच्या शेपट्या.
मधला तोच.
त्याच्या डोक्यावर तीच दोन इलेक्ट्रॉनांची जोडी,
पुस्तकात जिला एकाकी म्हणतात.
जोडी, आणि एकाकी!
बारावीत मी हसले होते,
अंजनकर मॅडमनी तासभर बाहेर उभं केलं.

मंगळवारी बूच नीट बसलं नसावं.
रेघ वजा बत्तिसाच्या आसपास यायची,
आली थेट अधिक अठ्ठेचाळिसावर.
पॅलेडियमसाठी राखलेली ती जोडी
रात्रीतून हवेला देऊन मोकळा झालेला माझा फॉस्फरस.
तीन आठवडे. आणि वाससुद्धा नाही उरला,
काचेला नाक लावलं तरी.

घरी आले तेव्हा बाबा कूलरमध्ये पाणी ओतत होते.
मान न वळवता म्हणाले, "आज सुट्टी व्हती का वं?"
नाही म्हटलं.
बादली अर्ध्यात थांबली.
पाणी फरशीवर सांडत राहिलं,
ते माझी नखं उजेडाकडे धरून
एकेक करून बघत होते.