पांढरं कुठलं

दुकानाच्या वरचा मजला. लक्ष्मी रोडचा आवाज
काच लावली तरी चपला न काढता आत येतो.

रंग मोजायचं ते यंत्र, पडद्यावर चिकटवायचं,
शेठजींच्या भाच्यानं बाणेरला नेलं दिवाळीआधी.
अजून आणतोय.

तेव्हा डोळ्यांनीच लावायचं.

आधी ट्यूब बंद. माझी लाल ओढणी काढून खुंटीला,
नाहीतर तिचं लाल काचेत उतरतं.
मॉनिटर अर्धा तास नुसता तापू द्यायचा,
तोवर चहा, तोही त्याच्याकडे पाठ करून.

मग काळ्या पट्ट्या. एकीपेक्षा एक काळी.
तिसरी दिसली पाहिजे.
दुसरी दिसल्यासारखी वाटली पाहिजे.
पहिली दिसली तर ब्राइटनेस जास्त, खाली आण.
"दुसरी दिसली?" तन्वीर विचारतो.
दिसली की आठवली, कोण सांगणार.

मग बारीक रेघांचा चौकोन, पोटात राखाडी ठिपका.
सुईत दोरा ओवताना करतो तसे डोळे बारीक करून
मागे मागे सरायचं, कपाटाला पाठ टेकेपर्यंत.
ठिपका रेघांत विरला. गॅमा बसला.

राहिलं पांढरं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आज एकविसावा दिवस.
एरंडवण्यात, अकरा मिनिटांत.
डाव्याचं पुढच्या महिन्यात, विम्याचं जमलं तर.

डावा झाकला: पांढरं निळसर,
स्टीलच्या वाटीतल्या पातळ ताकासारखं.
उजवा झाकला: तेच पांढरं सायीचं,
वर्षभर कपाटात राहिलेल्या धोतराच्या घडीचं.
दोन्ही उघडे ठेवले तर भांडत नाहीत,
तडजोड करतात. ते जास्त वाईट.

"मॅडम, लाल थोडा कमी करू?"
कुठल्या डोळ्यासाठी, तन्वीर?

त्यालाच खुर्चीत बसवलं. तेवीस वर्षांचे डोळे,
रात्री तीनपर्यंत गेम खेळलेले, तरी कोरे.
खिडकीत कोरा कागद धरला मी,
तो कागद बघतो, पडदा बघतो,
लाल दोन घरं खाली, हिरवा एक,
पुन्हा हिरवा जागेवर.
"झालं," म्हणाला, जीन्सला हात पुसत.

आता साडी. शेल्फवरून चिंतामणी काढली.
पडद्याला आकडे कळतात. चिंतामणी म्हणजे किती?
रामा आणि मोरपंखी यांच्यामधून एक बोळ जातो,
तो आकड्यांना सापडत नाही,
गिऱ्हाइकाला अंधारातही सापडतो.

पदर खिडकीत. शेजारी तिचाच फोटो, मी केलेला,
गेल्या चैत्रातला.
फोटो निळा.
फार नाही. बादलीत निळीचा एक थेंब जास्त पडावा, इतका.

दुसरा उघडला. आमसुली, निळी.
मोतिया, तिलाही.

म्हणजे तीन वर्षं सगळं मळकट दिसत होतं मला,
आणि मी साडी न उघडता, डोक्यातल्या रंगावरून
रोज निळं ओतत होते. मापानं, मन लावून.

चिंचवडच्या आगटेबाईंनी घडी न मोडता परत पाठवली होती,
सोबत चिठ्ठी: फोटोतली ही नव्हे.
मी कळवलं होतं, मोबाइलच्या स्क्रीननुसार
रंगात किंचित फरक पडू शकतो.
ते वाक्य माझंच. प्रत्येक साडीखाली आहे.

तन्वीर काही बोलला नाही. नखानं टेबलावरचा
चिकटपट्टीचा तुकडा खरवडत राहिला.

मी डावा झाकून पडदा पाहिला. बरोबर होता.
मग उगीच उजवा झाकला.
ते सायीचं पांढरं तिथं होतं अजून.
त्याच पांढऱ्यात लेकीचं लग्न पाहिलंय मी,
तिच्या शालूचा रंग आता कोणाला विचारू?

वहीत आकडे उतरवले. ब्राइटनेस अठ्ठावीस,
लाल शहाण्णव, हिरवा नव्व्याण्णव, निळा शंभर. तारीख.
डोळा कोणाचा, हा रकाना नव्हता.
पट्टी घेऊन आखला.
रेघ तिरकी गेली असं तन्वीर म्हणाला.