पाचशे पन्नास

ऑक्टोबरात, लियेपायात,
इमारतींचं हीटिंग सुरू व्हायच्या आत
इल्गोनिस एकसष्ट ईमेल पाठवतो.
मजकूर तोच, अकरा वर्षांचा:
घर तापेल, लाकूड आक्रसेल,
पियानो उतरेल. येऊ का?

यंदा तीन परत आले.
मिनिटभरही लागलं नाही.
पाठवणारा: मेलर-डीमन.
(पहिल्या वर्षी त्याला वाटलं होतं, कुणी जर्मन गृहस्थ असावा.
त्यानं त्याला दिलगिरीचं पत्रही लिहिलं होतं.
तेही परत आलं.)

भाची सानिता बंदराच्या ऑफिसात असते.
ओल्या कोटानिशीच स्टुलावर बसली,
स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, मामा, शब्द सोड, आकडा बघ.
चारनं सुरू होत असेल तर
पेटी भरलीये, नाहीतर पलीकडचं मशीन दमलंय.
तू काही करू नकोस. आपलं मशीनच
चार दिवस पुन्हा पुन्हा जाऊन बघेल.
पाचनं सुरू होत असेल तर
उंबरठाच नाही तिथे.

मग तिनं तिन्ही वाचले.
पहिल्यात चार. तो राहू दे.
दुसऱ्यात पाच, पण चूक मामाची:
बेकरीवाल्या गुनदेगाच्या नावातला एक 'एन' त्यानंच खाल्लेला.
तो घातला, आणि पत्र सुखरूप गेलं.
तिसरं वेल्गाचं. संगीतशाळेतली वेल्गा.
पाचशे पन्नास. असा कुणी इथे नाही.

म्हणजे वारली?
ते त्याला ठाऊक नसतं, मामा.
निवृत्त झाली असेल, शाळेनं खातं मिटवलं असेल.
पण काढून टाक ते. पुढच्या वर्षी पाठवू नकोस.
नसलेल्या दारांवर थापा मारणाऱ्याचं
नाव खराब होतं या गावात,
मग असलेली दारंही उघडत नाहीत.

त्यानं काढलं. कॉम्प्युटरमधून.
वहीतून नाही.
वहीत तिच्या नावापुढे पेन्सिलीनं लिहिलेलं:
तपकिरी उभा पियानो, डावं पेडल करकरतं,
चहात जिरं घालते, बोलू नये.

आणि तो आकडा काही डोक्यातून जाईना.
कारण चारशे चाळीसवर तो सगळं गाव लावतो,
आणि चारशे चाळीसला षड्ज मानलं
तर पाचशे पन्नास म्हणजे शुद्ध गंधार,
ज्याच्यात जराही थरथर नाही.
तो कुठल्याच पियानोला देता येत नाही.
चार-साडेचार कंपनं वर चढवावा लागतो,
नाहीतर बाकीचे सूर त्याच्याशी नांदत नाहीत.
चाळीस वर्षं तो हा सूर
ऐकतो, आणि बिघडवतो.

गुरुवारी ट्राममध्ये बसला.
तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं एका पोरानं,
अनवाणी, हातात सूपचा चमचा.
वेल्गा? ती उत्तरेकडे गेली, मुलीकडे वाटतं.
की दवाखान्यात? घरमालकाला माहीत.
पियानो जिन्यातून उतरेना, म्हणून राहिला.
वाजवतं कुणी नाही. मांजर बसतं.

इल्गोनिसनं कोट खुंटीला टांगला.
पैसे नकोत, म्हणाला, पण सूप चालेल.
तारांमध्ये नमद्याची पट्टी सरकवली, चावी लावली.
गंधारापाशी आला, आणि थांबला.
पाचशे पन्नासवर तो तसाच उभा राहू दिला,
दोन्ही पट्ट्या एकदम दाबून ऐकत,
मांजर उठून जाईपर्यंत.

मग चढवला वर. सगळ्यांसारखा.

निघताना वही काढली.
पोराला म्हणाला, तुझा पत्ता सांग, हळू,
अक्षर अक्षर.
त्यानं सांगितला. यानं लिहिला.
मग वाचून दाखवला. मग पुन्हा.
ठिपका कुठे आहे, तेही विचारलं.
वेल्गाचं नाव वरच्याच ओळीत होतं,
त्यावर काट मारायला
पेन्सिल टेकली त्यानं, तर टोक मोडलेलं.

ट्राम आली.