नेव्हेनाचा बाक

सोफियात ट्रॉलीबस चालवते मी.
पाळीच्या दिवसांत काळी पँट,
आणि शेवटच्या थांब्यापर्यंत
पाण्याचा घोट नाही.

हे कुणाला सांगितलं नव्हतं.
रोडोपीतल्या त्या गावात, बाकावर,
नेव्हेनानं विचारलं, "पोट साफ होतं का रोज?"
मी फस्सकन हसले.
हसता हसता रडूच आलं.

वाशाला उलट्या टांगलेल्या जुड्या:
एक पांढऱ्या फुलांची,
एक पानात दव धरून ठेवणारी.
तिनं हात वर केला, एक जुडी सोडवली.
मग आवाज खाली आणून,
"गाठी किती पडतात?"
मी बोटं दाखवली.

जुडी परत खिळ्याला गेली.
"हे पाल्याचं काम नाही, पोरी.
स्मोल्यानला डॉक्टरीण बसते सोमवारी.
आधी ती. मग माझा चहा.
आणि पाणी पी.
बस थांबव. लोक थांबतील."

वाडगाभर दही खायला घातलं,
थोडं विरजणाला बांधून दिलं:
तिच्या सासूचं, अजून न मोडलेलं.

सोमवारी घाट उतरताना
भांडं मांडीत धरून बसले होते,
हिंदकळू नये म्हणून.
स्टिअरिंग, पहिल्यांदाच,
दुसऱ्या कुणाच्या हातात.