जागा

इतवारीत गोल डब्या मिळतात, पारदर्शक,
झाकण टक्कन लागणाऱ्या:
एकोणीस, एकवीस, तेवीस मिलिमीटर.
मी शिवराई काढून काउंटरवर ठेवली.
मोठ्या डबीत खुळखुळली,
लहानीचं झाकण लागेना.
नंदनवार म्हणाला, "हे कोण्या मापात बसन बाप्पा?
कोणं दातानं तोडल्यावाणी दिसते."

दातानं, म्हणे.
छत्तीस वर्षं मी धंतोलीत कवळ्या केल्या.
मेणात चावून गेलेली माणसं
फळीवर नंबर टाकून वाळत ठेवली.
दोन जबडे कधी सारखे निघाले नाहीत,
आणि कुणाला म्हणालो नाही,
जा, तोंड बदलून आणा.

घरी अशी सत्तेचाळीस.
एक कडेला चिरलेलं, एक अर्ध्यात जाड,
एक तर पोह्यासारखं चपटं.
ठसा मोठा होता, तांबं लहान.
म्हणून एकावर नुसतं "राजा",
दुसऱ्यावर "त्र", आणि "प"चा पाय.
उरलेली अक्षरं ऐरणीवर पडली असतील
किंवा हवेत.

आधी खिशांचा अल्बम आणला.
मे महिना, कपाट कूलरच्या वाऱ्यात, चूक माझीच.
वाळ्याचा वास आणि ओल आत शिरली,
प्लास्टिक घामेजलं,
तांब्यावर पोपटी चिकट साय आली.
ऊर्ध्वपातित पाण्यात दिवसचे दिवस भिजवली,
घासलं नाही. घासायचं नसतं.

मग हाताला सवय होती तेच केलं.
प्लास्टर कालवलं,
सत्तेचाळीस साचे घेतले.
काय बसली होती!
कुमुद चहा घेऊन आली आणि दारातच थांबली:
"हिरड्या मांडल्यात की नाणी?"
प्लास्टर ओल धरून ठेवतं,
हे मीच शिकवायचो नव्या पोरांना.
सगळं फोडलं. गच्चीवर पांढरी धूळ, उन्हात डोळे दुखले.

आता पुठ्ठा आहे, आम्ल नसलेला,
पुण्याहून मागवलेला, महागडा.
नाणं ठेवतो, शिसपेन्सिल फिरवतो कडेनं,
रेघेच्या किंचित बाहेरून कापतो.
ते किंचित शिकायला वेळ लागला मला.
कवळी सैल झाली की माणूस हसणं टाळतो,
नाणं मात्र जरा सैलच हवं,
बोटानं ढकलून काढता येईल इतकं.
दुपारी चारला कूलर बंद करून बसतो,
पुठ्ठ्यावर घाम पडू नये म्हणून मनगटाला रुमाल.

एकेचाळीस झाली. सहा राहिली,
त्यात ते पोह्यासारखं,
त्याची कड दर वेळी वेगळीच येते रेघेत.

कापून निघालेले तुकडे टाकवत नाहीत.
पुठ्ठ्याच्या शिवराया, कोऱ्या,
एकही अक्षर कडेबाहेर न गेलेल्या.
परवा नंदनवारकडून एक डबी घेतलीच, तेवीसची.
त्यातला एक तुकडा आत ठेवला,
कानाशी हलवून पाहिला.

वाजत नाही.