उघाडी

सेक्टर एकोणीस, भूखंड क्रमांक एकेचाळीस, कोपरखैरणे.
रात्री टेम्पो यायचे दिवे बंद करून,
आणि सकाळी आमच्या खिडकीखाली
कुणाच्या तरी फोडलेल्या बाथरूमचा डोंगर
वीतभर वाढलेला असायचा.

मी तीस वर्षं मार्केटात कांद्याच्या गोणी वाहिल्या.
निवृत्त झालो तेव्हा आकडा खिळ्याला टांगला.
शाहीन मॅडम चार पोरं आणि एक फावडं घेऊन
त्या ढिगाऱ्यात उतरल्या, त्या रविवारी तो काढला.
डेब्रिजच्या गोणीत रुतवला
आणि हाताला सगळं आठवलं,
कमरेलाही.

निघालं काय काय,
कमोडची तीन भांडी, फुटक्या ट्यूबलाइटी,
एक अख्खी लोखंडी शिडी
जी सकाळी कुणाचीच नव्हती
आणि दुपारपर्यंत दोघांची झाली,
काच तडकलेले देव.
देवांना कुणी हात लावेना.
शेवटी मॅडमनीच विचारलं, "मी ठेवू का बाजूला?"
आणि ओढणीच्या टोकानं
एकेकाची धूळ पुसत बसल्या.

पालिकेनं पन्नास रोपं दिली.
दोन महिन्यांत सेहेचाळीस वाळली.
पाणी कमी पडलं, पाणी जास्त झालं, नजर लागली;
मीटिंगमध्ये खुर्च्या उचलेपर्यंत गेलं.

तेव्हा गावठाणातून हिराजी मढवी आले,
सायकल हातात धरून.
खड्ड्यात बोट घातलं, जिभेला लावलं.
"खारी हाय. भेंड लावा. करंज लावा."
थुंकले. जरा वेळानं म्हणाले,
"यो आमचा उघाडीकडला खांडा."

समोर एटीएम होतं, आणि केकचं दुकान.
त्यांनी दुकानाकडं बोट करून दाखवलं,
भरतीला फळ्या कुठं आपोआप मिटायच्या,
ओहोटीला शेतातलं पाणी कुठून सुटायचं.
"आणि आमची बिल्डिंग?" मी विचारलं.
"ती बी."
मोबदल्याचं मी काढलं नाही. त्यांनीही नाही.

आता भेंडाला पिवळी फुलं येतात,
दिवस कलला की तांबडी होतात.
फलकावर नाव आहे, उघाडी.
पोरांना वाटतं, फाटक सदा उघडं असतं म्हणून.
हिराजी त्यांना दुरुस्त करत नाहीत.

अमावास्येला मात्र ते झोपाळ्यापाशी थबकतात,
"उधान लागला," म्हणतात,
आणि फाटकाची एक बाजू ओढून घेतात.

मी काही विचारत नाही.
दुसरी बाजू मी ओढतो.