परतीचं ओझं

अंबडच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
मी दोऱ्या तोडते.
तेच काम माझं:
दोन जबड्यांत टोकं आवळायची, बटण दाबायचं,
आकडा चढत जातो, चढत जातो,
आणि कितीला जीव गेला ते वहीत लिहायचं.

या महिन्यात आलीय तिला दोरी म्हणवत नाही.
केसाएवढे धागे, जाळीसारखे विणलेले,
रीळभर लांबी आणि वजन मूठभर चिवड्याचं.
ओझरहून घुगेसाहेब येतात,
कपाखालच्या ओल्या गोलात बोट फिरवून सांगतात,
ही वर पृथ्वीभोवती फिरणार
आणि फिरता फिरता स्वतःभोवतीही.
खालच्या टोकानं डबा अलगद धरायचा,
अर्धी गिरकी,
वर आला की सोडायचा.
डबा पुढच्या कक्षेत.
जाळ नाही, धूर नाही, थेंबभर इंधन नाही.

गोफण, मी म्हटलं.
गोफणच, ते म्हणाले,
फक्त फिरवणाऱ्याचे पाय जमिनीवर नाहीत.

तुटलेला तुकडा भंगारात जातो.
एक मी डब्याच्या पिशवीत टाकला.

दादा, म्हणजे तुळशीराम खंडागळे, कसबे सुकेणे,
आता माझ्याकडे सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर.
बाणगंगेत घायपात सडवून, झोडपून,
मांडीवर वळून वळून
मांडीचे केस कायमचे गेलेला माणूस.
डोळ्यांत मोतीबिंदू. बोटं शाबूत.
तुकडा चाचपत म्हणाला,
यातले काही ढिले का सोडलेत?

सांगितलं, वर वाळूएवढे खडे
गोळीच्या कितीतरी पट वेगानं येतात.
एक धागा तुटला
की भार शेजारच्या ढिल्यानं घ्यायचा.
तोवर त्यानं नुसतं असायचं.

शहाण्यानं विणलीय, तो म्हणाला.
मग जरा थांबून,
आणि डबा फेकल्यावर ही कुठं जाते?

हे मला घुगेसाहेबांना विचारायला
तीन दिवस लागले होते.

खाली येते, मी म्हटलं.
दिलं तेवढी खाली. दर फेकीला थोडी थोडी.
भरून आलं नाही तर एक दिवस हवेत शिरते
आणि जळते.

भरून कसं येतं?

वरून परतणारं ओझं धरायचं,
वरच्या टोकानं, आणि खालच्या टोकाला सोडायचं.
त्याचा वेग हिच्यात राहतो.
ही पुन्हा आपल्या उंचीवर.

खाली घंटागाडी येऊन गेली.
तो बोलला नाही.
मला मात्र मोटेचे नाडे दिसत होते त्याच्या हातचे,
कासरे, दावी, वेसणी,
पोळ्याला आख्ख्या गावाच्या बैलांना नव्या मोरख्या.
किती पाणी चढलं त्या नाड्यांवर!
मळे झाले, द्राक्षं झाली,
मळेवाल्यांची पोरं
अशा देशांत गेली जिथं आत्ता सकाळ असेल.
आणि खळ्यावर आमच्या वाट्याचं धान्य
सूप पालथं धरून मोजायचे.
पाठीवर राहील तेवढं.

बऱ्याच वेळानं म्हणाला,
परतीचं काही आलंच नाही
तर किती फेका टिकते गं?

आकडा मला माहीत होता.
वहीत होता, माझ्याच अक्षरात.
मी पोळ्या लाटायला उठले.

परत आले तेव्हा
त्यानं तुकड्याच्या दोन्ही टोकांना सरगाठी मारून
त्यात चष्मा अडकवला होता.
आकाशाची दोरी सदऱ्यावर लोंबत होती,
आणि गाठ अशी
की आमच्या मशिनलाही सुटली नसती.

साडेनऊला निघाले.
दारात म्हणाला, येताना काहीतरी आण.
काय आणू?
काहीही आण.
परतताना रिकामं येऊ नये.